सोडावॉटरचं मशीन आणि दिवाळीची पोस्त

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि आठवलं की आधी हसूच येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विषप्रयोग पाहिले. त्यांतले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण नाशकातल्या सोडावॉटरच्या मशीनची चोरी मात्र लख्ख आठवते. मुद्देमाल सापडला, आरोपी सापडला, त्यानं कबूलही केलं, आणि तरी गुन्हा झाला की नाही हेच मला ठरवता येईना.

तिसाच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नाशिक गावात फौजदार होतो. नावं सांगणार नाही, कारण दोघांचीही मुलंबाळं गावात आहेत. एकाला तात्या म्हणतो, दुसऱ्याला मिस्त्री. गावही त्यांना असंच म्हणायचं, त्यामुळे जुने नाशिककर ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

तात्या निफाडकडच्या शेतकरी घरातले. शेतीत मन रमेना म्हणून रविवार कारंज्याजवळ गाळा भाड्यानं घेऊन बसले. मिस्त्री सटाण्याचा मुसलमान कारागीर. पंप, स्टोव्ह, शिवणयंत्र, काहीही नीट करून द्यायचा. देवळालीच्या कँपातल्या लिलावात तात्यांनी सोडावॉटरचं एक मोडकं मशीन घेतलं. लोक म्हणाले, भंगार आणलं. मिस्त्रीनं ते उघडलं, नसलेले भाग हातानं घडवले, आणि एके दिवशी त्यातून पहिली गोटीची बाटली भरून निघाली. ती दोघांनी अर्धी अर्धी प्यायली. तेव्हापासून धंदा दोघांचा. कागद नाही, लेख नाही. गल्ल्यावर तात्या, मशीनवर मिस्त्री, आणि जे उरेल ते निम्मं निम्मं. नगरपालिकेचा परवाना मात्र तात्यांच्या एकट्याच्या नावावर होता, कारण त्या दिवशी मिस्त्रीला ताप होता. एवढंच कारण.

उन्हाळा लागत होता. एके सकाळी मी डायरी पाहत बसलो होतो, तर तात्या घामाघूम होऊन ठाण्यात आले. हातात कोर्टाबाहेरच्या अर्जनवीसाकडून लिहून आणलेली फिर्याद. दुकानातला नोकर, म्हणजे मिस्त्री, मालकाच्या परवानगीशिवाय मशीन घेऊन पळाला, असं तीत म्हटलं होतं.

मी विचारलं, “तात्या, मिस्त्री तुमचा नोकर?”

तात्या खिडकीबाहेर पाहू लागले. “लिहिलंय ना तसं.”

“लिहिलंय ते मी वाचलं. तुम्ही काय म्हणता?”

“तेच म्हणतो.”

आता यातली मेख सांगतो. एका भागीदारानं भागीदारीतली वस्तू उचलून नेली, तर ते सहसा दिवाणी भांडण. पोलीस म्हणतात, कोर्टात जा. पण नोकरानं मालकाची वस्तू नेली, तर ती चोरी, आणि साध्या चोरीहून जड कलम. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. फिर्यादीत तो एक शब्द होता तोवर मला हात बांधून बसता येत नव्हतं. ठाणे अंमलदारानं गुन्हा नोंदवला, आणि मी जमादाराला घेऊन पंचनाम्याला निघालो.

दुकानाचं कुलूप शाबूत होतं. किल्लीनंच उघडलेलं. जिथं मशीन होतं तिथल्या फरशीत बसवलेले चारही बोल्ट काढून, तेल लावून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवलेले होते. बाटल्या धुवून उपड्या लावलेल्या. लिंबाच्या अर्काच्या बरणीवर फडकं बांधलेलं. आणि जागा झाडलेली! चोरी करून केर काढून जाणारा चोर मी तोपर्यंत पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

समोरच्या पानवाल्याचा जबाब घेतला. तो म्हणाला, “काल दुपारी बैलगाडी आणली, मशीन चढवलं, मला हात केला अन् गेला. मी म्हटलं, मिस्त्री कुठं? तर म्हणे, तात्याला विचार.”

तिथून आम्ही मिस्त्रीच्या घरी गेलो. भद्रकालीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, त्याचं स्वतःचं, आयुष्यातली एकमेव कमाई. दाराआड त्याची बायको उभी होती. आत ओसरीवर नवी भांडी मांडलेली. मोठ्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि वऱ्हाड मालेगावहून यायचं होतं.

जमादार आवाज चढवून बोलायला लागला, त्याला मी थांबवलं. बाई म्हणाली, “कुठं गेले ते नाही सांगितलं, साहेब. एवढंच म्हणाले, ज्या दुकानात मी कोणी नाही तिथं बसणार नाही.” मग तिनं विचारलं, “बेड्या घालणार का हो? मालेगाववाले येणार नाहीत मग.”

पोलिसानं अशा वेळी वचन देऊ नये. पण ती भांडी माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

दोन-तीन दिवस पत्ता लागला नाही. मशीन विकायला निघालं असतं तर भंगारवाल्यांकडून कुणकुण लागली असती. ती लागली नाही. मग एक बांगड्या विकणारा कासार ठाण्यासमोरच्या झाडाखाली टेकला आणि आमच्या जमादाराला सहज म्हणाला, “तात्यांनी सटाण्याला शाखा काढली वाटतं?”

“कसली शाखा?”

“सोड्याची. नदीकाठी एक माणूस ओरडत बसलाय, नाशिकच्या तात्यांचा सोडा! नाशिकच्या तात्यांचा सोडा!”

जमादारानं धावत येऊन खबर दिली. मी कपाळाला हात लावला. ज्याची चोरी केली त्याच्याच नावानं माल विकणारा आरोपी! जमादार म्हणाला, “साहेब, हा येडा आहे.” मला तसं वाटेना. येडा कोण होता ते मला हळूहळू कळायला लागलं होतं, आणि तो सटाण्यात नव्हता.

सर्व्हिस मोटारनं आम्ही सटाण्याला उतरलो. चैत्रातली जत्रा, खानदेशातली माणसं सप्तशृंगीच्या गडाकडे पायी चाललेली. एका म्हातारीला जमादारानं सोडावाल्याबद्दल विचारलं. ती अहिराणीत म्हणाली, “तो आठेच शे ना, नदीना काठले.” आणि खरंच, आरम नदीच्या काठी निंबाच्या सावलीत मशीन मांडून मिस्त्री उभा होता. भोवती ही गर्दी.

पोलिसांचा डगला पाहून माणसं पांगली. मिस्त्री पळाला नाही. त्यानं एक बाटली उघडली, गोटी खाली दाबली आणि माझ्यापुढे धरली. “उन्हाचे आलात. आधी प्या.”

मी म्हटलं, “तपासावर असताना आरोपीकडून काही घेत नाही.”

“आरोपी? मी?” त्यानं बाटली खाली ठेवली. “काय केलं मी?”

“मशीन नेलंत की नाही?”

“नेलं. दिवसाढवळ्या नेलं.”

“कोणाचं मशीन?”

“आमचं.”

“आमचं म्हणजे?”

“तात्याचं अन् माझं. अजून तिसरं कोण हाय त्यात?”

“कागद आहे काही?”

तो हसला. “साहेब, तुमचं लग्न झालंय?”

“झालंय.”

“कागद हाय?”

जमादार खोकला. मी गंभीर राहण्याचा प्रयत्न केला आणि खिशातून फिर्यादीची नक्कल काढून वाचून दाखवली. चोरी, पलायन, मुद्देमाल हे सगळं त्यानं शांतपणे ऐकलं. ‘माझ्या दुकानातील पगारी नोकर’ या शब्दांवर आलो तसा त्याचा चेहरा उतरला. तो तिथंच दगडावर बसला.

“तात्यानं चोर म्हटलं, ते मी समजू शकतो,” तो म्हणाला. “चिडला असंल. मी बी चिडलो होतो. पण नोकर म्हणाला? तोंडानं म्हणाला, का नुसतं लिवलंय?”

“दोन्ही.”

मग त्यानं भांडणाचं मूळ सांगितलं. देवळालीच्या कँपातल्या ठेकेदाराला रोज सोडा पुरवायचं मोठं काम चालून आलं होतं. ठेकेदार म्हणाला, आधी तुमचा धंदा कोणाचा ते कागदावर आणा. मिस्त्री खुश झाला, की चला, आता दोघांची नावं लागतील. पण तात्या वकिलाकडे जाऊन आले आणि म्हणाले, सगळं माझ्या एकट्याच्या नावावर करू, तू कागदावर पगारी राहा, निम्मं तुला मिळेलच. मिस्त्रीनं विचारलं, का? तात्या म्हणाले, तुला नाही कळायचं. तिथंच ठिणगी पडली.

“म्हनून मी मशीन आणलं,” मिस्त्री म्हणाला. “म्हटलं, बघू, मशीनशिवाय मालक कसा होतो. जत्रा झाली की परत जाणार होतो. तेवढ्यात आला असता तात्या रागावत, तर इथंच मिटलं असतं. तुम्हाला कशाला पाठवलं त्यानं?”

खरं सांगतो, मला तो माणूस आवडला. पण आवडणं हा पुरावा नव्हे. परवाना तात्यांच्या नावावर, गाळा तात्यांच्या नावावर, मशीन लिलावात घेतलं तात्यांनी. कागद पाहिला तर मिस्त्री नोकरच ठरत होता. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे तात्या हेच बोलले असते, तर मुलीच्या लग्नात बाप तुरुंगात असता. मी त्याला अटक न करता चौकशीला म्हणून बरोबर घेतलं. मशीन मोटारीच्या टपावर चढवताना तो जमादाराला सारखा ओरडत होता, “अहो, आडवं नको, आडवं नको!” जमादारानं सगळी वाट ते मशीन सांभाळलं.

नाशकात आल्यावर मी तात्यांना बोलावलं, आणि दुकानात बाटल्या धुणाऱ्या मावशीलाही. तात्या आणि मिस्त्रीला समोरासमोर बसवण्याआधी मी मावशीला आत घेतलं. नोकर कोण आणि मालक कोण, हे पगारावरून ओळखता येत नाही. घरातल्या पोरालाही बाप कधी कधी पगार देतो. पण आमच्याकडे दिवाळी येते. आमच्या ठाण्यातसुद्धा झाडूवाला, पाणक्या, घोडेवाला रांगेनं पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायला यायचे, आणि हात कोणाचा खाली, कोणाचा वर हे तिथं लख्ख दिसायचं. मला सटाण्याहून येताना वाटेतच हे सुचलं होतं.

मी विचारलं, “मावशी, दिवाळीला पोस्त मिळते का?”

“मिळती ना. लुगडं बी मिळतं.”

“कोण देतं?”

“दोघं देत्यात. आधी तात्या, मग मिस्त्रीमामा. दोघांच्या हातनं येगयेगळी.”

“आणि मिस्त्रीला पोस्त कोण देतं?”

ती माझ्याकडे असं पाहू लागली, जणू मीच येडा. “त्यास्नी कोन देनार? ते मालक नाय का?”

“दोन मालक?”

“मंग! एक गल्ल्याचा, एक मशीनचा. मागल्या साली बाटल्या फुटून लय नुकसान झालं, तवा मिस्त्रीमामानं बायकोच्या बांगड्या मोडल्या. नोकर मोडंल का बांगड्या?”

हा जबाब मी शब्दन् शब्द लिहून घेतला आणि अंगठा घेतला. मग आधी मिस्त्रीला, मागोमाग तात्यांना आत बोलावलं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसला होता. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? “वॉशर सुकला नाही ना?”

मिस्त्री भिंतीलाच म्हणाला, “मालकानं नोकराला असं इचारू नये.”

मी मावशीचा जबाब मोठ्यानं वाचला. बांगड्यांच्या वाक्याशी तात्यांचा धीर सुटला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “फौजदारसाहेब, त्या अर्जनवीसानं सांगितलं, भागीदार लिहिलंत तर पोलीस ढुंकून बघणार नाहीत. नोकर लिहा, धावत सुटतील. मला याला तुरुंगात घालायचं नव्हतं हो. याला परत आणायचं होतं.”

“तात्या, पोलीस म्हणजे काय रुसलेली सून माहेराहून आणायला ठेवलेत?”

“चुकलं.”

“खोट्या फिर्यादीबद्दल मी तुम्हालाच आत टाकू शकतो, कळतंय?”

“टाका,” तात्या म्हणाले. “पण याला घरी जाऊ द्या. पोरीचं लग्न आहे.”

“ते आत्ता आठवलं?” मिस्त्री पहिल्यांदा वळला. “अन् मला कागदावर नोकर करताना नाय आठवलं?”

तेव्हा तात्या जे बोलले, त्यासाठी हे प्रकरण मी जपून ठेवलं आहे. ते म्हणाले, “त्याच्यासाठीच तर केलं, मूर्खा! वकील म्हणाला, भागीदारीत एकाचं देणं ते दोघांचं देणं. ठेका अंगावर आला, नुकसानभरपाई मागितली, तर ठेकेदार दोघांच्या घरावर जाणार. मला निफाडला भावाचं घर आहे, मी कुठंही पडेन. तुझ्या त्या दोन खोल्या गेल्या तर पोरीला माहेर कुठं राहील? म्हणून म्हटलं, बुडायचं तर मी एकटाच बुडतो.”

जमादार मशीनचं चाक उगाच पुसायला लागला.

मिस्त्री म्हणाला, “हे मला का नाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं.”

“मग?”

“मग काय मग! माझं घर, मी ठरवीन ना. नफ्याला निम्मा घ्यायचा अन् तोट्याला घरी पाठवायचं? याला नोकरच म्हणत्यात, तात्या.” आणि एवढं बोलून त्यानं तात्यांच्या मांडीवरचं पागोटं उचललं, झटकलं, आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं. तिरकंच ठेवलं.

मी मॅजिस्ट्रेटसाहेबांना ‘सी’ समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झालेली, बाब दिवाणी स्वरूपाची, गुन्हा नाही. मावशीचा जबाब जोडला. साहेब करड्या शिस्तीचे होते, पण समरी मंजूर झाली. तात्यांना मात्र मी असा दम दिला की पुढे बरीच वर्षं ते मला पाहून रस्ता बदलत. त्या अर्जनवीसालाही बोलावून दोन शब्द सुनावले.

पण काम तिथं संपवलं तर पुन्हा हीच फिर्याद माझ्याच टेबलावर येणार, हे मला दिसत होतं. म्हणून कोर्टातल्या माझ्या स्नेह्या वकिलाकडे मी दोघांना घेऊन गेलो. त्यानं सगळे मार्ग समजावून सांगितले. एकट्याच्या नावावर धंदा ठेवा, सोपं, पण मग मिस्त्री नोकरच. लिमिटेड कंपनी काढा, बुडालं तर घातलेलंच जाईल, घर वाचेल. पण तिचे कागद मुंबईला, हिशेबतपासनीस, सभा, शिक्के.

तात्या म्हणाले, “चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला.”

“मग सहकारी मंडळी,” वकील म्हणाला. “पण तिला दहा माणसं लागतात.”

“आम्ही दोघांतच एवढं भांडलो,” मिस्त्री म्हणाला. “दहा कुठं पुरवता?”

राहिली भागीदारी. तिचा नवा कायदा नुकताच आला होता. लेख करून नोंदवून घ्या, वकील म्हणाला, म्हणजे उद्या कोणी कोणाला नोकर म्हणणार नाही. घराचा धोका त्यानं पुन्हा बजावला, आणि तेवढ्यासाठी ठेकेदाराशी बोलून भरपाईची अट सौम्य करून घ्यायला सांगितलं. ठेकेदारानं ती केली. लेख वाचताना शेवटी एक बाब आली, की वेगळं ठरलं नसेल तर एक भागीदार वारल्यावर भागीदारी संपते.

“म्हणजे हा मेला की दुकान मेलं?” मिस्त्रीनं विचारलं.

“कायद्यानं तसंच. वेगळं काही लिहायचं आहे का?”

तात्या म्हणाले, “नको. मरायचंच नाही. पुढं वाचा.”

मुलीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. मालेगावचं वऱ्हाड आलं, आणि साऱ्या मांडवाला सोडा तात्यांनी स्वतः भरून दिला. त्यांना मशीन चालवता येत नव्हतं. निम्म्या बाटल्या फुसक्या निघाल्या. मिस्त्री नव्या शेरवानीत येऊन त्यांच्यावर ओरडत होता. मी त्या दिवशी तपासावर नव्हतो, त्यामुळे एक बाटली घेतली.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी पुन्हा नाशिकला आलो तेव्हा दिवाळी होती. रविवार कारंज्याकडे पाय आपोआप वळले. दुकान होतं, पाटी होती, पाटीवर दोघांची नावं होती. गल्ल्यावर मात्र कोणी नव्हतं. गादीवर तात्यांचं पागोटं ठेवलेलं. ते आदल्या वर्षी गेले होते, असं पानवाल्यानं सांगितलं.

दाढी पांढरी झालेला मिस्त्री मशीनजवळ बसला होता. मला ओळखून उठला. मी म्हटलं, “वकिलानं सांगितलं होतं ते आठवतं का? तात्या गेले, म्हणजे भागीदारी संपली की. आता दुकान कोणाच्या नावावर?”

“कायद्यानं संपली असंल, साहेब,” तो म्हणाला. “तात्याची बायको निफाडला असती. तिचं निम्मं दर महिन्याला पोचतं. बाकी मला कोणी काय सांगितलं नाय.”

तेवढ्यात मावशी आली, पोस्त घ्यायला. तिच्यामागे दुकानातला नवा गाडीवाला. मिस्त्रीनं तिच्या हातावर पोस्त ठेवली. तिनं ती दुसऱ्या हातानं कमरेला खोचली, पण हात मागे घेतला नाही. मग तो उठून गल्ल्याजवळ गेला, पागोट्यामागून दुसरी पोस्त काढली आणि तिच्या त्याच हातावर ठेवली.

“ही तात्याची,” तो म्हणाला.

माणसं धंदा कोणत्या कागदावर चालवतात, हे पुष्कळदा मी तपासलं. कागद करावाच, तो नसला की काय होतं ते मी पाहिलं आहे. पण कागद काय म्हणतो ते वाचून झालं की मी नेहमी आणखी एक प्रश्न विचारत आलो, दिवाळीला पोस्त कोण देतं? त्या दिवशी त्याचं उत्तर मी उभ्यानं पाहिलं. मग टोपी काढली, गल्ल्यावरच्या पागोट्याला नमस्कार केला, आणि मिस्त्रीनं माझ्यासाठी उघडलेली बाटली त्याच्याबरोबर अर्धी अर्धी प्यायलो.